‘कॅम्पस गन्स’ : एका छायाचित्राचं उलट्या क्रमाने वाचन

काही छायाचित्रं घटनेच्या अगदी शेवटी काढलेली असतात, पण आपण ती घटना वाचायला सुरुवात करतो ती त्यांच्यापासूनच. असोसिएटेड प्रेसचा छायाचित्रकार स्टीव्ह स्टार याने २० एप्रिल १९६९ रोजी, रविवारी दुपारी, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात टिपलेलं छायाचित्र हे त्यांपैकी एक. ‘कॅम्पस गन्स’ या नावाने ते ओळखलं जातं. ताज्या बातमीच्या छायाचित्रणासाठी दिलं जाणारं पुलित्झर पारितोषिक १९७० साली त्याला मिळालं. साठच्या दशकातल्या अमेरिकी विद्यापीठांवर काहीही लिहायचं झालं की संपादकांचा हात आजही या छायाचित्राकडे जातो.

छायाचित्रात दिसतं ते एवढं : दगडी इमारतीच्या दारातून कृष्णवर्णीय विद्यार्थी बाहेर पडताहेत. पुढच्या तरुणाच्या अंगावर काडतुसांचा पट्टा आहे आणि हातात बंदूक. त्याच्या आजूबाजूला आणि मागे आणखी काही जण आहेत, त्यांतल्या काहींच्या हातांत रायफली आहेत. चेहरे गंभीर आहेत. कोणी धावत नाही. कोणी कोणावर नेम धरलेला नाही. त्या दीड दिवसात एकही गोळी झाडली गेली नाही, पण हे छायाचित्र पाहून कळत नाही. उलट पाहणाऱ्याला वाटतं की आता काहीतरी सुरू होणार आहे. वस्तुस्थिती अशी की सगळं नुकतंच संपलं होतं. वाटाघाटी झाल्या होत्या, तडजोड ठरली होती आणि विद्यार्थी इमारत सोडून चालले होते. ताबा सोडण्याचं दृश्य ताबा घेण्याचं दृश्य म्हणून जगभर फिरलं.

या लेखात मला त्या छायाचित्राकडे एक मजकूर म्हणून पाहायचं आहे. त्याची रचना काय सांगते, चौकटीबाहेर काय राहिलं, आणि पुढे या घटनेवर जी पुस्तकं लिहिली गेली त्यांनी छायाचित्राशी कसा व्यवहार केला, हे तीन प्रश्न माझ्यासमोर आहेत. ते वाचायचं तर उलट्या क्रमाने वाचावं लागतं, म्हणजे दारातून बाहेर येणाऱ्या माणसांच्या मागे मागे, ती आत का गेली होती तिथपर्यंत.

बंदुकांच्या आधी

बंदुका इमारतीत नंतर आल्या, हा या कथेतला कळीचा मुद्दा आहे.

विलर्ड स्ट्रेट हॉल ही कॉर्नेलमधल्या विद्यार्थ्यांच्या वावराची इमारत. १९२५ साली ती उघडली. तिथे खानावळ आहे, सभागृहं आहेत, आणि त्या काळी पाहुण्यांसाठी खोल्याही होत्या. शनिवारी, १९ एप्रिलच्या पहाटे ‘आफ्रो-अमेरिकन सोसायटी’ या विद्यार्थी संघटनेचे सदस्य आत शिरले आणि त्यांनी इमारत ताब्यात घेतली. तो पालकांच्या भेटीचा शनिवार-रविवार होता. मुलांना भेटायला आलेले काही पालक वरच्या खोल्यांत झोपले होते. त्यांना उठवून बाहेर काढण्यात आलं. हा प्रसंग त्या पालकांना भीतीचा आणि अपमानाचा वाटला असणार. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

पण त्या पहाटे विद्यार्थ्यांकडे बंदुका नव्हत्या. सकाळी डेल्टा अप्सिलॉन या गोऱ्या फ्रॅटर्निटीचे काही तरुण इमारत ‘परत घेण्यासाठी’ आत घुसले. आत मारामारी झाली आणि त्यांना बाहेर हाकलण्यात आलं. त्यानंतर अफवा उठू लागल्या, की आणखी लोक येताहेत, तेही शस्त्रं घेऊन. त्यानंतर आतल्या विद्यार्थ्यांनी बंदुका मागवल्या. बाहेर ‘स्टुडंट्स फॉर अ डेमोक्रॅटिक सोसायटी’चे, म्हणजे एसडीएसचे, बहुतांशी गोरे विद्यार्थी पाठिंब्यासाठी उभे होते. ते चौकटीत नाहीत. हल्ला करणारे गोरे नाहीत आणि साथ देणारे गोरेही नाहीत. त्यामुळे बंदूक कोणाविरुद्ध आहे याचं उत्तर छायाचित्र देत नाही आणि ती जागा पाहणारा स्वतःच भरून काढतो. १९६९ सालच्या गोऱ्या वाचकाने तिथे स्वतःलाच उभं केलं असणार, असं मला वाटतं. छायाचित्रकार विद्यार्थ्यांच्या समोर होता. साहजिकच पाहणाराही त्यांच्या समोरच उभा राहतो, त्यांच्या बाजूला नाही.

आणखी एक पहाट मागे जाऊ. शुक्रवारी, १८ एप्रिलला ‘वारी हाउस’च्या दाराशी जळता क्रूस सापडला. कृष्णवर्णीय विद्यार्थिनी जिथे एकत्र राहत, ते हे घर. अमेरिकेच्या दक्षिणेत जळत्या क्रूसाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे. कू क्लक्स क्लॅनची ती निशाणी, आणि तिच्यामागे झाडांना टांगलेल्या माणसांचा इतिहास. कॉर्नेल दक्षिणेत नाही, हे खरं. पण त्या घरातल्या मुलींच्या आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी तो इतिहास जवळून पाहिलेला असण्याची शक्यता दाट होती. क्रूस कोणी पेटवला हे आजवर सिद्ध झालेलं नाही. खुद्द कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनीच तो पेटवला असावा, असा संशयही पुढे व्यक्त झाला. संशय घेणाऱ्यांना तो हक्क आहे. मला दिसतं ते एवढंच, की विद्यार्थ्यांच्या हातातल्या बंदुकीला पुराव्याची गरज लागली नाही, कारण तिचं छायाचित्र होतं. मुलींच्या दारातल्या आगीचं असं जगभर गाजलेलं छायाचित्र नव्हतं, म्हणून ती कायम वादातच राहिली.

इथे त्या मुलींबद्दलही बोलायला हवं. धमकी बायकांच्या घराला मिळाली होती आणि इमारतीत मुलीही होत्या. पण छायाचित्राची नजर खिळते ती पुरुषावर, त्याच्या काडतुसांवर. नंतरच्या आठवणींतून आणि मुलाखतींतून त्या मुलींचे अनुभव हळूहळू पुढे आले. तरीही ‘कॉर्नेल १९६९’ म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं, त्यात त्या दुय्यमच राहतात. रक्षणकर्ता पुरुष आणि रक्षिलेली स्त्री ही जुनीच जोडी आहे. छायाचित्राने ती नव्याने ठसवली, आणि विद्यार्थी चळवळीच्या पुरुषी भाषेनेही तिला हातभार लावला.

टेकडीवरचं विद्यापीठ

पण मुळात हे विद्यार्थी तिथे आले कसे?

कॉर्नेलची स्थापना १८६५ सालची. कोणाही व्यक्तीला कोणत्याही विषयाचं शिक्षण इथे मिळावं, अशी संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांची भूमिका होती आणि विद्यापीठ ती आजही अभिमानाने सांगतं. कायुगा सरोवरावरची टेकडी, खोल दऱ्या, लांबलेला हिवाळा, मोठ्या शहरांपासून काही तासांचं अंतर, असं ते ठिकाण. कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे आधीपासून होते, पण मूठभर. डिसेंबर १९०६मध्ये अशाच काही जणांनी ‘अल्फा फाय अल्फा’ ही संघटना स्थापन केली. ग्रीक अक्षरांची नावं धारण करणाऱ्या आंतरविद्यापीठीय कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटींमधली ही पहिली. गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटींचे दरवाजे बंद होते, तेव्हा टेकडीवरचा एकटेपणा आणि परकेपणा वाटून घ्यायला आपली माणसं लागतात, ही त्यामागची साधी निकड. टोनी मॉरिसन हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातून पदवी घेऊन कॉर्नेलला आल्या आणि १९५५ साली त्यांनी तिथून एम.ए. केलं. पण अशी माणसं अपवाद म्हणूनच मोजली जात.

१९६३ साली जेम्स पर्किन्स अध्यक्ष झाले आणि चित्र बदलू लागलं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शोधून, आर्थिक मदत देऊन प्रवेश देण्याचा कार्यक्रम त्यांनी सुरू केला. बोटांवर मोजण्याइतके असलेले विद्यार्थी १९६९पर्यंत अडीचशेच्या घरात गेले. कित्येक हजारांच्या विद्यापीठात अडीचशे. पर्किन्स भल्या हेतूचे उदारमतवादी होते, याबद्दल त्यांच्या विरोधकांनीही फारशी शंका घेतलेली दिसत नाही. शोकांतिका तिथेच आहे. विद्यापीठाने दार उघडलं, पण आत आलेल्या माणसाने घरातल्या वस्तूंची मांडणी बदलायला सांगितली, तर काय करायचं याचा विचार केलेला नव्हता. पाहुण्याने कृतज्ञ असावं, एवढंच गृहीत होतं.

१९६८च्या वसंतात अर्थशास्त्राच्या वर्गात एका पाहुण्या प्राध्यापकाची विधानं काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वंशश्रेष्ठत्व गृहीत धरणारी वाटली. त्यांनी माफी मागितली जावी असा आग्रह धरला. दाद मिळेना, तेव्हा ते त्या विभागाच्या कार्यालयात ठाण मांडून बसले. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती याच दिवसांत. पुढच्या डिसेंबरात स्वायत्त कृष्णवर्णीय अभ्यासकेंद्राच्या मागणीसाठी आणखी निदर्शनं झाली. काही विद्यार्थ्यांनी ग्रंथालयातल्या फडताळांवरून पुस्तकं काढून वाटपाच्या टेबलावर आणून टाकली. आमच्या दृष्टीने ही निरुपयोगी आहेत, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकांवर जीव असणाऱ्या कोणालाही हे पाहून वाईट वाटेल. मलाही वाटतं. पण ही कृती पुस्तकाविरुद्धची नव्हती. ती पुस्तकांच्या निवडीबद्दलची तक्रार होती, आणि तिच्या मुळाशी एक शैक्षणिक प्रश्न होता : जगाबद्दलचं कोणतं ज्ञान विद्यापीठ सर्वांचं समजतं, आणि कोणतं समजत नाही?

या निदर्शनांवरून काही विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या शिस्तपालन मंडळाने समज दिली. शिक्षा सौम्य होती. एवढ्याशा समजेसाठी इमारत ताब्यात घ्यायची का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. विद्यार्थ्यांचा आक्षेप शिक्षेच्या वजनाला नव्हता. हा वाद विद्यापीठाशीच आहे आणि विद्यापीठाचंच मंडळ त्याचा निवाडा करतं आहे, हे त्यांना मान्य नव्हतं. ते मंडळासमोर गेले नाहीत. वादी आणि न्यायाधीश एकच असू नये, हे तत्त्व कायद्याच्या कोणत्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवलं जातं. बंदुकीच्या छायाचित्रात हा युक्तिवाद कुठे दिसणार?

जिथे बंदूक नव्हती

एक वर्ष मागे आणि काही तासांच्या अंतरावर, न्यूयॉर्क शहरातल्या कोलंबिया विद्यापीठात याच्या जोडीने ठेवून पाहावी अशी घटना घडली होती. एप्रिल १९६८. हार्लेमलगतच्या मॉर्निंगसाइड पार्कात विद्यापीठ व्यायामशाळा बांधणार होतं आणि तिथे हार्लेमच्या रहिवाशांसाठी खालच्या बाजूने वेगळं दार असणार होतं. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांनी मिळून हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला. मग पहिल्याच रात्री कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी गोऱ्या साथीदारांना जायला सांगितलं : तुम्ही तुमची इमारत घ्या. पुढचे दिवस त्यांनी हॅमिल्टन हॉल शिस्तीत सांभाळला. इमारत स्वच्छ ठेवली, हार्लेममधून जेवण येत राहिलं. पोलीस आले तेव्हा ते शांतपणे अटक करून घेऊन बाहेर पडले. इतर इमारतींत मात्र पोलिसांनी लाठ्या चालवल्या, सातशेच्या आसपास अटका झाल्या.

व्यायामशाळा त्या पार्कात कधीच झाली नाही. मग त्या आठवड्यातलं कोणतं छायाचित्र जगाच्या लक्षात राहिलं? काळा चष्मा लावून, तोंडात सिगार धरून विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेल्या एका गोऱ्या विद्यार्थ्याचं. त्यात बंडखोरी आहे, पण मिस्कीलपणाही आहे. पाहणारा हसतो, फार तर चिडतो. तरुण आहे, सुधारेल, असं म्हणायला तिथे जागा आहे.

ही दोन छायाचित्रं शेजारी ठेवली की माझा मुद्दा स्पष्ट होतो. गोऱ्या विद्यार्थ्याचं बंड छायाचित्रात खोडी म्हणून येऊ शकतं. कृष्णवर्णीय विद्यार्थी शिस्तीत, निःशस्त्र, राजकीयदृष्ट्या सर्वांत सरस वागतो तेव्हा त्याचं छायाचित्र जगाच्या लक्षात राहत नाही. तो लक्षात राहतो तो वर्षभराने, दुसऱ्या गावी, हातात बंदूक आल्यावर. यात स्टीव्ह स्टारचा दोष काढण्यात अर्थ नाही. समोर जे होतं ते त्याने टिपलं आणि चोख टिपलं. निवड झाली ती नंतर, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत, पारितोषिकांच्या समित्यांत आणि आपल्या स्मरणात.

तीन पुस्तकं

रविवारी विद्यार्थी बाहेर पडले. सोमवारी, २१ एप्रिलला प्राध्यापकसभेने विद्यार्थ्यांना दिलेली समज रद्द करायला नकार दिला. बार्टन हॉलमध्ये हजारो विद्यार्थी जमले. त्यांत बहुसंख्य गोरे होते. बुधवारी प्राध्यापकांनी आपला ठराव फिरवला. मे महिन्याअखेर पर्किन्स यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. काही नामवंत प्राध्यापक विद्यापीठ सोडून गेले. त्यांतले एक ॲलन ब्लूम.

ब्लूम यांचं ‘द क्लोजिंग ऑफ द अमेरिकन माइंड’ १९८७ साली आलं आणि अनपेक्षितपणे तुफान खपलं. प्लेटो आणि रूसो यांचा हा अभ्यासक साठच्या दशकाकडे येतो तेव्हा त्याच्या लेखणीला कॉर्नेलची धग लागलेली जाणवते. अमेरिकी विद्यापीठांच्या शरणागतीची तुलना तो तिशीच्या दशकातल्या जर्मन विद्यापीठांशी करतो. त्याचा मूळ प्रश्न मला खरा वाटतो. विद्यापीठाने बाहेरच्या रेट्याखाली सत्याचा शोध सोडला तर उरतं काय? पण त्याच्या मांडणीत कृष्णवर्णीय विद्यार्थी हा विचार करणारा माणूस म्हणून जवळपास येतच नाही. तो एक दाब आहे, वादळ आहे. ज्या माणसाने आयुष्यभर संवादांचं वाचन शिकवलं, त्याने इथे दुसऱ्या बाजूला संवादात भूमिकाच दिली नाही. या घटनेपुरतं बोलायचं तर ब्लूम यांचं पुस्तक म्हणजे ‘कॅम्पस गन्स’ची उत्तम गद्यात लिहिलेली ओळ, छायाचित्राखाली छापतात तशी.

डोनाल्ड डाउन्स यांचं ‘कॉर्नेल ’६९’ १९९९ साली आलं. डाउन्स त्या वेळी तिथेच विद्यार्थी होते. निष्कर्षाच्या पातळीवर ते ब्लूम यांच्यापासून फार लांब नाहीत. सामाजिक न्यायाच्या नावाखाली विद्यापीठाने विचारस्वातंत्र्याची आणि कायद्याच्या चाकोरीची किंमत मोजली, असं त्यांना वाटतं. पण पद्धत वेगळी आहे. ते दिवसवार, तासवार घटना लावतात, अनेक बाजूंच्या माणसांशी बोलतात. आपल्या निष्कर्षाला अडचणीचे ठरणारे तपशीलही ते मांडतात, ही या पुस्तकाची मोठी गोष्ट. बंदुका केव्हा आणि का आल्या, याचा क्रम लावायला असं पुस्तक लागतं. छायाचित्राला उत्तर द्यायला दुसरं छायाचित्र फारसं उपयोगी पडत नाही, चारशे पानांचा कंटाळवाणा क्रम उपयोगी पडतो, हे मला या पुस्तकाने पटवलं, लेखकाच्या मताशी न जुळूनही.

तिसरं पुस्तक आतल्या माणसाचं. थॉमस जोन्स हे ताबा घेणाऱ्यांपैकी एक. २२ एप्रिलला रेडिओवरून त्यांनी काही प्राध्यापकांची आणि अधिकाऱ्यांची नावं घेऊन जो इशारा दिला, त्याला धमकीच म्हणावं लागेल. त्या आठवड्यात काही प्राध्यापकांनी भीतीपोटी आपलं कुटुंब घरातून हलवलं. हेच जोन्स पुढे निवृत्तिवेतनाचा अवाढव्य निधी सांभाळणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष झाले, कॉर्नेलच्या विश्वस्त मंडळावर आले, आणि १९९५ साली त्यांनी वांशिक सलोख्यासाठी एक पारितोषिक ठेवलं. त्याला नाव दिलं जेम्स पर्किन्स यांचं. २०१९ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच विलर्ड स्ट्रेट ते वॉल स्ट्रीट हा प्रवास आहे.

हे पुस्तक वाचताना मला आदर वाटतो आणि अस्वस्थही व्हायला होतं. आदर याचा, की ज्या माणसाला आपल्यामुळे पायउतार व्हावं लागलं त्याचं ऋण जाहीरपणे मान्य करायला मोठं मन लागतं. अस्वस्थता वेगळी आहे. बंडखोर तरुण अखेर यशस्वी झाला, विश्वस्तांच्या टेबलाशी जाऊन बसला, म्हणून त्याचं बंड क्षम्य ठरलं, अशी एक सुखान्त गोष्ट त्यातून वाचकाला सहज उचलता येते. पण मग जे यशस्वी झाले नाहीत त्यांचं काय? एखादी मागणी योग्य होती की नव्हती हे मागणाऱ्याच्या पुढच्या पगारावरून ठरू नये.

बंदुकीबद्दल

वाचक विचारेल : तुमचं स्वतःचं मत काय? टाळायचं कारण नाही. विद्यापीठाच्या आवारात बंदूक आली की वाद संपतो, मग ती कोणाच्याही हातात असो. समोरचा माणूस पटून गप्प बसला की घाबरून, हे नंतर कधीच सांगता येत नाही. बुधवारचा ठराव न्याय्य होता, असं मानणाऱ्यालाही या शंकेतून सुटका नाही. विद्यार्थ्यांच्या मागण्यांचं यामुळे नुकसान झालं. स्वायत्त अभ्यासकेंद्राची मागणी विचारांच्या बळावर उभी राहू शकत होती. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात त्याच हिवाळ्यात काही महिने चाललेल्या संपातून वांशिक अभ्यासाचं महाविद्यालय आकाराला येत होतं. काळाचा वारा त्याच दिशेने वाहत होता.

पण हे मत देताना मला दुसरं वाक्यही लिहावं लागतं. आत बसलेल्या मुलांवर हल्ला झाला तेव्हा विद्यापीठाने त्यांना संरक्षणाची खात्री दिली नव्हती. आदल्या दिवशी त्यांच्या मैत्रिणींच्या दारात क्रूस जळाला होता. निःशस्त्र राहा, असा सल्ला देणाऱ्याने सुरक्षिततेची हमीही द्यायची असते. ती नसेल तर तो उपदेश ऐकणाऱ्याला स्वस्तातला वाटतो. ही दोन्ही वाक्यं एकत्र ठेवणं छायाचित्राला जमत नाही. गद्याला जमायला हवं.

मराठी वाचकाच्या हाती

या काळाचा मराठीशी संबंध आहे, आणि तो फक्त घोषणांपुरता नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचं नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून आलं. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे यांनी दलित लेखकांचं लक्ष कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे वेधलं. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. शीर्षकातला शब्द आज कोणी वापरणार नाही, पण ग्रंथाने एका पिढीला त्या जगाची ओळख करून दिली. म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिका मराठीत आली ती कविता, कथा, आत्मकथनं आणि पँथर या नावातून. विद्यापीठाच्या आतला झगडा, म्हणजे अभ्यासक्रम कोणी ठरवायचा, शिस्तपालन मंडळात कोण बसणार, ‘सर्वांसाठी’ उघडलेल्या संस्थेत पाहुणा आणि यजमान कोण, हा भाग त्या मानाने कमी आला.

तो यायला हवा होता असं मला वाटतं, कारण आपल्याकडे या प्रश्नाचा एक वेगळा इतिहास आहे. हार्लेमच्या कडेला असलेल्या कोलंबियात १९१३ ते १९१६ शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला स्वतःच्या संस्थेचं महाविद्यालय काढलं, पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलेलं. वानखेडे तिथलेच. गंगाधर पानतावणेही तिथलेच, ज्यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित साहित्याला व्यासपीठ दिलं. आपलं महाविद्यालय असलं की काय घडू शकतं, याचं हे उदाहरण. अमेरिकेत ते काम हॉवर्डसारख्या विद्यापीठांनी केलं. कॉर्नेलमधला प्रश्न मात्र दुसरा होता. दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या नियमांत, अल्पसंख्य म्हणून शिकताना ते घर आपलंही आहे असं कसं म्हणायचं? आज आपल्याकडच्या बहुतेक दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारा प्रश्न मिलिंदपेक्षा कॉर्नेलच्या जवळचा आहे. प्रवेश मिळतो. पुढचं कोणी बोलत नाही. आणि एखादा विद्यार्थी बोललाच, तर त्याच्याबद्दलच्या कागदांची सुरुवात त्याच्या शेवटच्या, सर्वांत संतप्त कृतीपासून होते. त्याआधीचे अर्ज, निवेदनं, न मिळालेली उत्तरं फायलीच्या तळाशी असतात.

म्हणून ‘कॅम्पस गन्स’ मला एका जुन्या अमेरिकी घटनेपुरतं मर्यादित वाटत नाही. विद्यार्थ्यांच्या असंतोषाची बातमी वाचताना कोणत्या पानापासून सुरुवात करायची, याचा तो धडा आहे.

चौकटीबाहेर काय उरलं

१९६९ सालीच कॉर्नेलमध्ये आफ्रिकाना अभ्यास आणि संशोधन केंद्र सुरू झालं. जेम्स टर्नर त्याचे पहिले संचालक. ‘आफ्रिकाना’ हा शब्द विचार करून निवडलेला होता. फक्त अमेरिकेतले कृष्णवर्णीय नव्हे, तर आफ्रिका, कॅरिबियन आणि अमेरिका यांना एका अभ्यासात बांधायचं, असा त्यामागचा आवाका. डिसेंबरात वाटपाच्या टेबलावर आणून टाकलेल्या पुस्तकांतून जी तक्रार व्यक्त झाली होती, तिचं हे उत्तर होतं : वेगळी पुस्तकं, वेगळे प्रश्न, ते शिकवणारी माणसं.

१ एप्रिल १९७० रोजी, केंद्राला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, त्याच्या इमारतीला आग लावण्यात आली. इमारतीसोबत पुस्तकं आणि कागदपत्रं जळाली. ‘कॅम्पस गन्स’ला पुलित्झर मिळालं ते याच वर्षी. बंदुका घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचं छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्याच विद्यार्थ्यांनी मागून घेतलेलं ग्रंथालय वर्षभरात जाळलं गेलं, हे सांगितलं की ऐकणारा बहुधा विचारतो, असं झालं होतं का?

झालं होतं. त्यानंतर केंद्र दुसऱ्या जागी गेलं, आणि तिथे आजही वर्ग भरतात.